चाडे, लाकडी, नग एक

आमच्या शाळेच्या सामानाच्या यादीत, एक खुर्ची आणि दोन फळे यांच्या मधोमध अशी नोंद होती : 'चाडे, लाकडी, तीन नळ्यांसह, नग एक. उपयोग – अध्यापन.' नोंद रंगनाथ मास्तरांच्या हातची. अक्षर वळणदार, शाई निळी. खुर्चीची नोंद करताना त्यांचा चेहरा जसा असेल तसाच ही नोंद करतानाही होता. मी शेजारीच बसलो होतो.

चाडं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. मी जालन्याचा, मस्तगडात कापडाच्या दुकानात वाढलेला, त्यामुळे मलाही ते कुणीतरी सांगावं लागलं होतं. पेरणीची तिफण असते, तिला खाली तीन फण असतात. वर, कमरेइतक्या उंचीवर, एक लाकडी वाटी असते, ते चाडं. त्याच्या बुडाला तीन भोकं असतात आणि त्यांतून बांबूच्या तीन पोकळ नळ्या खाली फणांपर्यंत जातात. सोबत चालणारी बाई मुठीतून बी चाड्यात सोडत जाते आणि ते तिन्ही ओळींत सारखं पडतं. अशा वस्तूचं शाळेत काय काम, हा प्रश्न पुढे तपासणीच्या साहेबांना पडला, शिक्षण खात्याला पडला आणि शेतकी खात्यालाही पडला. मास्तरांना तो कधी पडला नाही.

मी त्या गावी गेलो तेव्हा निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. गाव अंबडच्या पुढे, जांब समर्थाच्या वाटेवर. आमच्या घरात मास्तरकी कुणी केलेली नव्हती. पण "रंग जाईल का?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की मी "जाईल" म्हणायचो, त्यामुळे बाबूजींनी मला मास्तर व्हायची परवानगी आनंदानं दिली. गावात मी एकटाच मारवाडी. मास्तरांनी पहिल्या दिवशीच मला 'शेठ' म्हणायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत दुसरं काही म्हटलं नाही.

शाळा म्हणजे निजामाच्या वेळचं धान्याचं कोठार होतं. लांबलचक खोली, जाड भिंती, छताजवळ दोन झरोके. चार इयत्ता आणि आम्ही दोघं. मी पहिली-दुसरीकडून पाढे म्हणून घ्यायचो, त्याच वेळी पलीकडे तिसरी-चौथीत गोदावरी उगम पावत असायची, आणि भिंतीला लागून कासिम लोहार फाळ ठोकत असायचा. धान्याला ह्या खोलीबद्दल काही तक्रार नव्हती. मुलांना असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

रंगनाथ मास्तर पंचेचाळिशीचे, उंच, काळ्या टोपीचे. गळ्यापर्यंत बटणं लावलेला एकच कोट त्यांच्याकडे होता आणि तो तिन्ही ऋतूंना पुरत असे. शिक्षण उर्दूतून झालेलं. त्यामुळे परीक्षेला 'इम्तिहान' म्हणत, आणि हजेरीला मुलांनी 'हाजिर' म्हटलं तरच ती मुलं त्यांच्या लेखी आलेली असत. छडी होती, पण तिनं ते नकाशावरची गावं दाखवत. रविवारी स्वतःच्या शेतात राबत आणि सोमवारी फळ्यावर तारीख लिहिताना नखांतली काळी माती पांढरी होई.

आवाज मात्र त्यांनी कधी चढवला नाही. ते इतकं हळू बोलत की वर्ग गप्प व्हायचा तो आदरानं नव्हे, नाहीतर काहीच ऐकू येत नसे म्हणून. आणि प्रत्येक वाक्यानंतर विचारायचे, "पोचलं का?" बाकीचे मास्तर 'समजलं का?' असं विचारतात. मी एकदा त्यांना हे म्हणालो. ते म्हणाले, "समजून घेणं पोराचं काम हाये शेठ. पोचवणं आपलं. दुसऱ्याच्या कामाची चौकशी आपण काहाला करायची?" सर्वांत मोठी शाबासकी 'बराबर' ही. तिच्यावर त्यांच्याकडे शब्द नव्हता.

माझ्या दुसरीत गया नावाची मुलगी होती. अकरा वर्षांची, म्हणजे वर्गात सगळ्यांत उंच, आणि दुसरीत तिसऱ्यांदा. पुढे बसायची आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहायची. मी फळ्याकडे वळलो की तिची नजर खोलीभर फिरू लागे. "सात पंचे?" असं विचारलं तर एकदा तिनं "नाशिक" असं उत्तर दिलं, कारण पलीकडे गोदावरी चालू होती. पोरं हसली, मीही हसलो. सहामाहीच्या रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात मी तिच्या नावापुढे 'मठ्ठ' असं लिहिलं. तो शब्द लिहिणारा हात माझाच होता आणि त्याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर ती शाळेत यायची बंद झाली. आठवड्यानं मास्तर म्हणाले, "चला शेठ, सोपानच्या वावरात जाऊन येऊ."

सोपान म्हणजे गयाचा बाप. रब्बीची पेरणी चालू होती. तिफण मधेच थांबली होती, कारण एका नळीत ओला गाळ शिरून ती तुंबली होती. गया खाली फणापाशी उकिडवी बसून काडीनं गाळ काढत होती आणि सोपान वरून चाड्यात फुंकत होता. आम्हाला बघून त्यानं रामराम केला आणि मुद्द्यालाच हात घातला.

"पोरीला काही येत न्हाई गुर्जी. तीन साल झाले, दुसरीतच बसून राह्यली. मी इथून बोंबललो तरी तिला ऐकू जात न्हाई. अन् आता तर ह्यांनीच लिहून दिलं मठ्ठ म्हणून."

'ह्यांनीच' म्हणजे मी. मी माझ्या बुटांकडे पाहिलं.

मास्तर म्हणाले, "सरका जरा. मी फुंकतो." ते चाड्यावर वाकले, दोनदा फुंकलं, नळी मोकळी झाली. मग तसंच वाकून, नेहमीच्याच हळू आवाजात त्यांनी चाड्यात विचारलं, "गया, शाळेत काहून येत न्हाई?"

गया खाली मान घालून काडी पुसत होती. तिचा कान नळीच्या तोंडापाशी होता. वर न बघता तिनं सांगितलं, "तिथं समदं एकदमच ऐकू येतं गुर्जी. मंग काहीच ऐकू येत न्हाई."

सोपाननं बैलांकडे पाहिलं. मास्तर बराच वेळ चाड्यावर वाकलेलेच राहिले. मग उठून त्यांनी सोपानला एवढंच विचारलं की पोरीला चौथीपर्यंत आमच्याकडे सोडशील का.

सोपान वाईट माणूस नव्हता. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "ठीक हाये. चौथी पास झाली तर अंबडला तिच्या मावशीकडं ठेवतो, पुढं शिकवतो. पण नापास झाली तर शाळा बंद. मंग तुम्ही वावरात यायचं न्हाई अन् मला काही म्हणायचं न्हाई."

"बराबर," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या सोमवारी त्यांच्या स्वतःच्या जुन्या तिफणीचं चाडं शाळेत आलं. आधी बांबूच्याच नळ्या होत्या. पण बांबू वाकत नाही, आणि गया तासभर मान वाकडी करून बसली की दुसऱ्या दिवशी तिची मान सरळ होत नसे. मग मास्तर अंबडला गेले आणि ओळखीच्या एका कंपाउंडरकडून एनिमाची तीन बाद झालेली भांडी घेऊन आले. भांडी परत केली, रबराच्या नळ्या ठेवून घेतल्या. त्या नळ्या त्यांनी लिंबाचा पाला घालून तीनदा उकळल्या, टोकांना कापूस आणि धुतलेलं मलमल गुंडाळलं आणि मला म्हणाले, "शेठ, हे पोरांला सांगायचं काम न्हाई." मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही.

व्यवस्था अशी की गया आता मास्तरांकडे, चाडं स्टुलावर, मास्तर त्याच्यावर किंचित वाकलेले, आणि नळीचं टोक गयाच्या कानात. पाढे चालू असत, लोहाराचा घण चालू असे, पण नळीत फक्त मास्तर असत. उघड्या कानानं जी पोरगी सात पंचे नाशिक म्हणत होती, ती आठवड्याभरात पस्तिसावर आली. त्या दिवशी मास्तरांनी रजिस्टर मागवलं, माझ्या शब्दावर एक आडवी रेघ ओढली आणि पुढे लिहिलं, 'कान'. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

राहिल्या दोन नळ्या. त्या रिकाम्या ठेवणं मास्तरांच्या शेतकरी स्वभावाला पटेना. मग त्यांनी गुळाची परीक्षा काढली. खिशात गुळाचे खडे ठेवायचे, पोराच्या मागे दहा पावलांवर उभं राहायचं आणि हळूच म्हणायचं, "गूळ घे." वळलं त्याला गूळ. न वळलं त्यालाही गूळ, पण त्याच्या नावापुढे 'कान'. अशी आणखी दोन पोरं सापडली. एकाचा कान फुटलेला होता. दुसऱ्याला एकट्यात चांगलं ऐकू येई, पण चार आवाज झाले की तो हरवून जाई. दोघांनाही आम्ही तोपर्यंत आळशी समजत होतो. माझीही परीक्षा झाली. मी फळा पुसत होतो, मागून आवाज आला, "शेठ, गूळ घ्या." मी वळलो. त्यांनी खडा दिला आणि निघून गेले.

गयाची एक खोड मात्र सुटत नव्हती. अर्धं ऐकू येण्यात तिची इतकी वर्षं गेली होती की उरलेलं अर्धं ती मनानं भरायची. शुद्धलेखन सांगताना वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं लिहून झालेलं असे, आणि ते वेगळंच असे. मास्तरांनी नियम केला : "नळीतून जे येईल ते लिहायचं. मधी आपलं काही घालायचं न्हाई. येडंवाकडं वाटलं तरी लिहायचं." आणि अंदाज बांधताच येऊ नये म्हणून ते तिला मुद्दाम अशी वाक्यं सांगू लागले. 'तहसीलदारसाहेब लिंबाच्या झाडावर बसून भाकर खात होते.' 'म्हशीने शेठजींची टोपी घातली आणि ती अंबडला गेली.' बाकीची पोरं लोळायची. गया न हसता लिहायची, पूर्णविरामासकट. दोन वर्षं तिनं म्हशी आणि तहसीलदार लिहिले, आणि तिसरीतून चौथीत गेली.

चौथीत असताना डिप्टी साहेब तपासणीला आले. आमच्या भागाचे नवे साहेब, जाडजूड, मोठ्यानं बोलणारे. त्यांनी चाड्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"चाडं, साहेब."

"शाळेत कशाला?"

मास्तरांनी सांगितलं. साहेब म्हणाले, "मास्तर, बहिऱ्याला बहिरं म्हणावं आणि घरी बसवावं. तुम्ही पेरणी करायला बसलात." मग तपासणीच्या वहीत त्यांनी शेरा मारला : 'शेतीची अवजारे शाळेत ठेवू नयेत.' ते शेरा लिहीत असताना मास्तर त्यांच्या मागे दहा पावलांवर जाऊन उभे राहिले. 

"साहेब, गूळ घ्या," मास्तर हळूच म्हणाले.

साहेब लिहीत राहिले. मास्तर डाव्या बाजूला सरकले आणि पुन्हा म्हणाले. साहेबांनी सही केली. मास्तर उजव्या बाजूला आले, पुन्हा म्हणाले. "काय?" असं म्हणून साहेब वळले. मास्तरांनी गूळ दिला, साहेबांनी तो खाल्ला आणि पाणी मागितलं. मास्तरांनी याबद्दल पुढे एक शब्दही काढला नाही. त्या संध्याकाळीच त्यांनी सामानाच्या यादीत चाड्याची ती नोंद केली, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे यादीत चढलं की ते अवजार राहत नाही, साधन होतं.

चौथीची परीक्षा अंबडला केंद्रावर व्हायची. त्यात शुद्धलेखनाचा पेपर, आणि त्यात नापास तो सगळ्यात नापास. गयाला तिथं नळी मिळाली नाही तर ती नाशिकवर जाणार, हे आम्हाला ठाऊक होतं. मास्तरांनी परीक्षेत चाडं नेण्याची परवानगी मागणारा अर्ज केला. अर्ज गेला तेव्हा आम्ही हैदराबाद राज्यात होतो. उत्तर आलं तेव्हा आम्ही मुंबई राज्यात होतो, आणि उत्तर असं होतं की अवजारांबाबत शेतकी खात्याशी संपर्क साधावा. मास्तरांनी शेतकी खात्याला लिहिलं. त्यांनी तत्परतेनं कळवलं की यंदाचं तिफणींचं वाटप संपलेलं आहे. मास्तरांनी दोन्ही पत्रं नीट घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं सरकारी मोटारीनं अंबडला गेलो. चाडं मास्तरांच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, चैत्रात पेरणी?" मास्तर म्हणाले, "हो."

केंद्रावर परीक्षक म्हणून तेच डिप्टी साहेब. मास्तरांनी दोन्ही पत्रं पुढे ठेवली. "दोन्ही खात्यांचं उत्तर आलंय साहेब. न्हाई असं कुणीच म्हणलेलं न्हाई." साहेबांनी पत्रं वाचली, पुन्हा वाचली. नाही असं खरंच कुणी म्हटलं नव्हतं.

"ठेवा तिथं," ते शेवटी म्हणाले. "पण तुम्ही दोघं बाहेर. उतारा मी सांगणार. ही नळी कशाची आहे?"

"रबराची," मास्तर म्हणाले. "अन् साहेब, एक विनंती. उतारा पुरा होईस्तोवर तोंड चाड्यावरून हलवू नका."

ही एक सूचना साहेबांनी तंतोतंत पाळली, हे मान्य केलं पाहिजे.

आम्ही बाहेर लिंबाखाली बसलो. अर्ध्या तासानं पोरं बाहेर आली. गया चालत आली आणि समोर उभी राहिली. मास्तरांनी विचारलं, "काय काय आलं नळीतून? सांग."

गयानं हात मागे बांधले आणि पाठ केलेल्या कवितेसारखं सांगायला सुरुवात केली.

"आमच्या गावाजवळ एक ओढा आहे. ओढ्याच्या काठी वडाचे मोठे झाड आहे. चहात साखर कमी आहे रे. त्या झाडावर पुष्कळ पक्षी राहतात. ही पोरगी ठार बहिरी आहे. त्या मास्तराने उगीच सोंग आणले आहे. सकाळी पक्ष्यांचा किलबिलाट सुरू होतो. हिला काही येणार नाही. नापास करून टाकू म्हणजे कटकट मिटेल. तो ऐकून गावकरी जागे होतात."

तिच्या आवाजात काही फरक पडला नाही. ओढा, वड, ठार बहिरी, पक्षी, सगळं एका सुरात. नळीतून आलं होतं, तिनं लिहिलं होतं.

मास्तर उठून उभे राहिले. मग विचारलं, "पूर्णविराम?"

"दिले."

"बराबर," मास्तर म्हणाले. त्यांनी टोपी काढली. दोन-अडीच वर्षांत मी त्यांना टोपी काढताना पाहिलं नव्हतं. ती त्यांनी झटकली आणि पुन्हा घातली. मला रडू आलं. त्यांना आलं का ते सांगता येत नाही, कारण ते झाडाकडे तोंड करून उभे होते.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उताऱ्याबाहेरचा एक शब्द म्हणजे एक चूक. मी बोटांवर मोजायला लागलो आणि वीसच्या पुढे गेल्यावर थांबलो. पाचच चुका माफ होत्या. साहेबांनी मुद्दाम काही करायची गरजच राहिली नव्हती, नियमानंच पोरगी नापास होत होती.

"मास्तर," मी म्हणालो, "तिनं थोडं डोकं लावलं असतं तर."

"डोकं लावायचं न्हाई हे मी शिकवलं शेठ. चूक माझी हाये." ते आत निघाले. मी मागोमाग गेलो.

साहेब पेपर तपासत बसले होते. गयाचा पेपर त्यांच्या पुढ्यातच होता आणि लाल पेन्सिल कागदाला न टेकता तशीच हातात होती. चहावाला शिपाई खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघत होता.

मास्तरांनी साहेबांच्या उजव्या बाजूला जाऊन पेपर उचलला आणि उभ्यानं, आपल्या हळू आवाजात, शुद्धलेखन सांगतात तसा सगळा वाचला. प्रत्येक वाक्यानंतर थांबून. 'ठार बहिरी आहे' नंतरही तेवढेच थांबले. शिपाई बाहेर गेला.

"साहेब," वाचून झाल्यावर ते म्हणाले, "ह्याच्यात ऱ्हस्वदीर्घाची एक चूक दाखवा, मी पोरीला घरी घेऊन जातो."

मास्तरांनी पेपर साहेबांच्या पुढे धरला.

"जे येईल ते लिहायचं असं मी तिला शिकवलं. तिनं लिहिलं. बाकी साठ पोरं बसल्ती, कुणालाच हे ऐकू आलं न्हाई. हिलाच आलं. आता ठार बहिरी पोरगी हे लिहू शकती का, तेवढंच तुम्ही सांगा."

बाहेर पोरांचा गलका चालू होता. साहेबांनी पेपर परत घेतला, पट्टी घेतली, आणि जी वाक्यं त्यांची स्वतःची होती ती एकेक करून, पट्टी लावून, सरळ रेषेत खोडली. पाच रेषा. खाली लिहिलं, 'उतारा निर्दोष'.  साहेबांचा मला राग होता आणि आहे, पण त्या पाच रेषा त्यांनी स्वतःच्या हातानं ओढल्या, हेही मी विसरलेलो नाही.

आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी हाक मारली. ते नेहमी बोलत त्याच्या पाव आवाजात त्यांनी विचारलं, "मास्तर, ही नळी कुठं मिळते?"

मास्तर पुन्हा त्यांच्या उजव्या बाजूला गेले. "पाठवून देतो," म्हणाले. आणि पुढच्याच आठवड्यात पाठवली. तीनदा उकळून.

सोपान शब्दाचा पक्का निघाला. जूनमध्ये त्यानं गयाला बैलगाडीत बसवून अंबडला मावशीकडे सोडलं. गाडीत वळकटी, दप्तर आणि चाडं. यादीत त्या नोंदीपुढे मास्तरांनी लिहिलं, 'विद्यार्थिनीसोबत पुढील शिक्षणास गेले.' राहिलेल्या दोघांसाठी त्यांनी दुसरं चाडं आणून ठेवलं होतं. गाडी वळली तेव्हा ते दारात उभे होते. मला म्हणाले, "चला शेठ, पाढे घ्या." आवाज नेहमीपेक्षाही हळू होता.

पुढच्याच वर्षी माझी बदली जालन्याला झाली. पत्रं लिहिण्याचं ठरलं होतं, त्याप्रमाणे लिहिली नाहीत. मास्तर नोकरी सोडून शेती बघताहेत असं कुणीतरी सांगितलं. का सोडली, ते सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

मग महाराष्ट्र राज्य झालं त्या साली, रब्बीच्या दिवसांत, मी जांब समर्थाला गेलो होतो. परत येताना गाव दिसलं आणि मोटारीतून उतरलो. मास्तर वावरात असतील हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

तिफण मधेच थांबलेली होती. नळी तुंबली होती. मास्तर पाठमोरे, खाली वाकून काडीनं गाळ काढत होते. टोपी तीच, कोट नव्हता. पलीकडे चाड्यापाशी एक उंच मुलगी बियाण्याची ओटी बांधून उभी होती. ती गया होती. सातवी होऊन मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेली होती, सुट्टीत आली होती. ट्रेनिंगला चाडं नेता येईल का, याबाबत तिचा पत्रव्यवहार चालू होता, हे मला नंतर कळलं.

मला गंमत सुचली. मी मास्तरांच्या मागे दहा पावलांवर उभा राहिलो आणि हळूच म्हणालो, "मास्तर, गूळ घ्या."

मास्तर गाळ काढत राहिले.

मी जरा मोठ्यानं म्हणालो. त्यांची पाठ हलली नाही. काडी चिखलात जात होती, येत होती. नोकरी का सोडली ते मला तिथं उभ्याउभ्या कळलं. मला आपल्या गमतीची इतकी शरम वाटली की तसंच मागे फिरावं असं मनात आलं.

पण गयाचं तोंड माझ्याकडे होतं. तिला माझा आवाज पोचणं शक्य नव्हतं, पण तोंडाकडे बघायची तिची सवय गेली नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि चाड्यावर वाकली.

"गुर्जी, शेठ आले," तिनं चाड्यात सांगितलं. "मागं उभे हायेत. दोन डाव गूळ घ्या म्हणले. तुम्ही वळले न्हाई. पोचलं का?"

जे आलं होतं ते सगळं तिनं सांगितलं, मध्ये आपलं काही न घालता.

खाली नळीपाशी काडी थांबली. वर न बघता मास्तर म्हणाले, "पोचलं."

मग ते उठले, हात धोतराला पुसले आणि माझ्याकडे वळले. म्हातारे झाले होते. माझ्याकडे तसंच पाहिलं जसं खुर्चीकडे किंवा साहेबांकडे पाहत. मी काही बोललो असतो तरी कुणाला पोचलं असतं.

"शेठ," ते म्हणाले, "रजिस्टर हाये का जवळ?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मंग ध्यानात ठेवा. माझ्या नावापुढं काय लिहायचं ते ठावं हाये ना तुम्हाला?"

मी हो म्हणालो. ऐकू येणार नाही हे आठवून पुन्हा मान हलवली. ते म्हणाले, "बराबर," आणि तिफणीकडे वळले. बैल चालू लागले. गया त्यांच्या डाव्या हाताला चालत चाड्यात मूठ सोडत होती, आणि बी तिन्ही नळ्यांतून सारखं पडत होतं.